वळणावर तुटणारी तार

१

तार पुन्हा तुटली होती, आणि याही वेळी वळणावरच.

रस्त्याच्या कडेला उकरलेल्या चरात वाकून शंकाबाई बघत होत्या. कंपनीच्या चौकशी विभागात त्यांची इतकी वर्षं गेली होती की त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या शंकाबाई. पूर्वी हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जायचं. आता लोक तोंडावर घेतात आणि बाई ओ देतात.

चरात काळ्या तारेची दोन टोकं मातीत पडली होती. ही इंटरनेटची तार. वर जाड प्लास्टिक, आत मजबुतीसाठी पिवळे धागे, आणि त्यांच्या मधोमध केसासारखे बारीक काचेचे तंतू. त्या काचेतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर जग चालतं, असं कंपनीच्या जाहिरातीत म्हटलं आहे. डोंगरातल्या या रस्त्यावरच्या खालच्या गावासाठी आणि त्याच्या वरच्या वस्तीसाठी ते जग चौथ्यांदा बंद पडलं होतं.

"बघा, कसं कापलंय!" ठेकेदार म्हणाला. "एका फटक्यात. सराईत हात आहे हा."

टोकं खरंच सफाईने कापलेली दिसत होती. पण त्या दोन टोकांमध्ये हातभर अंतर होतं.

"मधला तुकडा कुठे गेला?"

"चोराने नेला. दर वेळी नेतो. म्हणून तर आम्हाला दर वेळी मधे नवा तुकडा घालून जोडावं लागतं."

"काचेचा हातभर तुकडा घेऊन चोर करणार काय? तांबं असतं तर वितळवून विकलं असतं. हे तर भंगारवाला फुकटसुद्धा घेणार नाही."

"आता ते चोरालाच विचारा, बाई. मी खणणारा माणूस. मला बोलवलं की मी खणतो." प्रत्येक दुरुस्तीचे त्याला वेगळे पैसे मिळत होते, त्यामुळे त्याच्या आवाजात फारसं दुःख नव्हतं. "पण एक मानलं पाहिजे. आमचं यंत्र म्हणजे यंत्र! इंजिनियरसाहेबांनी डोंगराच्या पायथ्यापासून तारेत उजेड सोडला. तो किती लांब जाऊन परत फिरला ते यंत्राने सांगितलं. गाडीच्या मीटरवर तेवढं अंतर मोजत आलो, गाडी थांबवली, उतरलो, तर पायाखालीच तुटलेली तार! एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. चारही वेळा असंच."

इंजिनियर जरा लांब उभा राहून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता. तो चष्मा आधीच पुरेसा स्वच्छ होता.

"यंत्र चांगलं आहे," तो पुटपुटला आणि पुन्हा पुसायला लागला.

तेवढ्यात शंकाबाईंचा फोन वाजला. शहरातून खर्चसाहेब. कंपनीत कुठे किती तार जायची, हे हाच माणूस ठरवतो.

"नाव मिळालं का?"

"साहेब, मी आत्ताच पोचलेय."

"मला निबंध नकोय, नाव हवंय. ही शेवटची दुरुस्ती. गावातलाच कोणी कापतोय हे एकदा कागदावर आलं की खालच्या गावाच्या वर आपण लाईन द्यायला बांधील नाही. करारात कलम आहे. तो डिशवाला आहे ना, त्याच्याकडे बघा."

फोन बंद झाला. शंकाबाईंनी दातओठ खाल्ले. आधी नाव ठरवायचं आणि मग चौकशीला माणूस पाठवायचा, ही तऱ्हा त्यांना नवी नव्हती. पण दर वेळी तळपायाची आग मस्तकात जायची ती जायचीच.

वर येताना त्यांचा हात चराच्या कडेच्या मातीत टेकला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. पिवळ्या धाग्यांचा एक झुबका होता. त्याचं एक टोक कापलेलं आणि दुसरं जुन्या रंगाच्या ब्रशासारखं विस्कटलेलं. तो त्यांनी कोणाला न दाखवता पर्समध्ये टाकला.

मान वर केली तेव्हा समोरच्या उतारावर एक माणूस उभा दिसला. त्याच्या खांद्यावर थाळीएवढी पांढरी डिश होती आणि तो रोखून त्यांच्याकडेच बघत होता.

२

"या. चहा घेणार, की आधी हातकड्या घालणार?"

डिशवाल्याचं दुकान खालच्या गावात, रस्त्याला लागूनच होतं. दारात एक पोलीस स्टूल टाकून बसला होता आणि दुकानातलंच वर्तमानपत्र वाचत होता. आत भिंतीला लहानमोठ्या डिश टेकवून ठेवल्या होत्या. टेकडीवरच्या मनोऱ्यावरून हवेतून येणारं इंटरनेट हा माणूस विकायचा. कंपनीची तार आली आणि त्याचं अर्धं गिऱ्हाईक तारेवर गेलं.

"चहाच घेईन," शंकाबाई म्हणाल्या. "तार तुटली की तुमचा धंदा वाढतो, असं सगळे म्हणतात."

"वाढला होता की! पहिल्यांदा तुटली तेव्हा चार डिश विकल्या मी. दुसऱ्या वेळी एक. आता लोक म्हणतात, थांबू, जोडतील. लोकांना सवय झाली, ताई. माझं हसं झालं आणि वर दारात हा पाहुणा."

पाहुण्याने पान उलटलं.

"तुम्ही सकाळी समोरच्या उतारावर काय करत होतात?"

"जागा शोधत होतो." डिशवाल्याने कप त्यांच्यापुढे जरा आपटूनच ठेवला. "वरच्या वस्तीत माझी डिश चालत नाही. मधे डोंगर आडवा येतो. तिथे आरोग्यखोलीत माझी बहीण नर्स आहे. तुमच्या तारेवरून तिला शहरातली डॉक्टर दिसते आणि डॉक्टरला पेशंट. तार गेली की तिथे नुसती अंधारी काच उरते. उतारावर एक डिश ठेवून तिथून तिच्याकडे काही पोचतंय का, ते बघत होतो. पोचत नाही. महिनाभर झगडतोय." त्याचा आवाज चढला. "आणि मी ती तार कापेन? सख्ख्या बहिणीची?"

शंकाबाईंनी चहाचा घोट घेतला. सख्ख्या बहिणींचं वाईट करणारे भाऊ त्यांनी नोकरीत बरेच पाहिले होते. पण महिनाभर डिश खांद्यावर घेऊन उतार तुडवणारा त्यांत एकही नव्हता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तुमचा चोर चक्रम आहे. सरळ रस्त्यावर पाईप मैलभर उघडा पडलाय. बसून, जेवून, आरामात कापता येईल. तिथे तो हात लावत नाही. त्याला फक्त वळणं लागतात."

"ठेकेदार म्हणतो, वळणावर कोणी बघत नाही म्हणून."

"इथे सरळ रस्त्यावर तरी कोण बघतंय? रस्त्यावर माणूस दिसला तर आम्ही त्याला घरी जेवायला नेतो!"

पोलीस हसला. मग आपण पोलीस आहोत हे आठवून त्याने तोंड पुन्हा वर्तमानपत्रात घातलं.

३

वरची वस्ती म्हणजे रस्ता जिथे थकून थांबतो ती जागा. मोजकी घरं, एक पाण्याची टाकी, आणि निळ्या दाराची आरोग्यखोली.

आत टेबलावर मोठा पडदा होता, काळाठिक्कर. भिंतीवरच्या पेटीवर लाल दिवा लागला होता. बाकावर एक गरोदर बाई पाय लांब करून बसली होती. तिच्या घोट्यांना सूज होती.

"तुम्ही जोडायला आलात?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही. मी चौकशीला."

"चौकशी!" नर्सबाईंनी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून टेबलावर टाकला. "पहिल्यांदा तुटली तेव्हा एक येऊन फोटो काढून गेला. दुसऱ्यांदा दोघं आले. आता तुम्ही. जोडणाऱ्यांपेक्षा विचारणारेच जास्त येतात. हिचा दाब वाढलाय. डॉक्टरने रोज मला दाखव म्हणून सांगितलंय. कसं दाखवू? खाली न्यायचं तर त्या रस्त्यावरून हिला गाडीत घालायचं, आणि तो रस्ता तुम्ही आत्ताच बघितलात."

शंकाबाईंचं कंबरडं अजून दुखत होतं. त्या बाकाच्या कडेला टेकल्या.

"तुमचे साहेब इथे रिबीन कापायला आले होते," नर्सबाई म्हणाल्या. "शेवटच्या घरापर्यंत, असं तीनदा म्हणाले. माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला. शेवटचं घर हेच आहे, बाई. याच्या पुढे नुसता कडा आहे."

"तुमच्या भावाबद्दल..."

"माझ्या भावाला धड खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून त्याची चोरी मीच पकडत आलेय. तुम्हाला संशयच घ्यायचा असेल तर दुसऱ्याचा घ्या." त्या दाराशी गेल्या आणि खालचा रस्ता दाखवत आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमचा तो चष्मेवाला इंजिनियर. तार तुटलेली नसतानाही येतो. एकटा. गाडी खाली लावतो, चालत वर येतो, प्रत्येक वळणावर थांबतो आणि वाकून पाईपवर हात ठेवतो. इथवर येतो, तो हिरवा दिवा बघतो, पाणी पितो आणि निघून जातो. एक शब्द बोलत नाही. चांगल्या माणसाला एवढी चोरटी पावलं कशाला लागतात?"

४

खर्चसाहेबांच्या खोलीत गालिचा इतका जाड होता की शंकाबाईंच्या चपलांना लागलेली डोंगरातली माती त्यात गडप झाली. भिंतीवर मोठा नकाशा होता. शेजारी चौकटीत फोटो: साहेब, कात्री, रिबीन आणि न हसणाऱ्या नर्सबाई.

"इंजिनियर?" साहेबांनी नाक मुरडलं. "तो गरीब गाय आहे. त्याला तार कापायची तर तो आधी माझी परवानगी मागेल. डिशवाला मला चालेल."

"चालेल?"

"म्हणजे, तोच असणार." साहेब उठून नकाशापाशी गेले. "तुम्हाला वाटत असेल, साहेब निर्दय आहे. जरा गणित समजून घ्या. शहरात गल्लीच्या तोंडापासून जिन्यापर्यंत खणलं की तार इमारतीत शिरते, आणि आत दारंच दारं. वर्षभरात पैसे वसूल. डोंगरात काय होतं? खणत जा, दगड फोड, पूल ओलांड, आणि शेवटी दारं किती? हाताच्या बोटांवर मोजा. तिथल्या एका दाराच्या खर्चात मी इथे अख्खी इमारत जोडतो."

"पण सरकारी अनुदान मिळालं ना? आरोग्यखोलीच्या नावाने?"

"मिळालं म्हणून तर खणलं. पण ते मिळतं खणायला. तुटलेलं जोडायला कोणी दमडी देत नाही. ते माझ्या खिशातून." हे मात्र खरं होतं, आणि ते खरं असल्याचाच शंकाबाईंना जास्त राग आला. साहेबांनी नकाशावरच्या रस्त्यावरून बोट फिरवलं. "तरी मी पोचवली की नाही वर? अंदाजपत्रक आलं तेव्हा वरची वस्ती बसतच नव्हती. मी छाटणी केली. रस्त्याची लांबी तेवढी तार, हातभरही जास्त नाही. डोंगरात उधळायला तार नाही माझ्याकडे. आता जा, आणि मला नाव आणून द्या."

शंकाबाई चडफडत बाहेर पडल्या. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने उतरत तळघरात पोचल्या. तिथे कंपनीचीच दोन माणसं फरशीतलं लोखंडी झाकण उघडून बसली होती. बाहेर रस्ता खणणाऱ्या मशीनने सकाळी इमारतीची तार कापली होती. एक जोडणीवाली बाई खड्ड्यातून काळ्या तारेची वेटोळी वर काढत होती. एक काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं.

"एवढी तार कशाला?" शंकाबाईंनी विचारलं. विचारायची सवय कुठे जाते?

"लूप, ताई. प्रत्येक खड्ड्यात सोडायचाच. जमीन हलली की तारेला सैल मिळते, आणि तुटली की ओढून घेता येते. मधे ठिगळ लावावं लागत नाही." तिने शेजाऱ्याकडे मान वळवली. "काय सांगतंय रे यंत्र?"

"नेहमीसारखं. पार पुढच्या चौकात दाखवतंय."

"लूप वजा कर ना! आधी जेवढी वेटोळी लागतात तेवढी वजा कर, मग सांग."

बोलता बोलता तिने तुटलेलं टोक हातात घेतलं आणि खिशातल्या कात्रीने कचकन छाटलं. पिवळ्या धाग्यांचा एक झुबका शंकाबाईंच्या पायाशी पडला.

"हे का कापलंत? आधी बघितलं पण नाहीत."

"बघायचं काय? टोक साफ केल्याशिवाय हात पुढेच जात नाही आमचा."

शंकाबाईंनी खाली वाकून तो झुबका उचलला. मशीनने कापलेल्या तारेचा होता. दोन्ही बाजूंनी धागे सारखे, नखभरही मागेपुढे नाहीत. मग त्यांनी पर्समधला झुबका काढून शेजारी धरला. त्याचे धागे एका टोकाला सारखे होते आणि दुसऱ्या टोकाला लांब, आखूड, ताणून विरलेले.

त्या तशाच उभ्या राहिल्या. जोडणीवालीला वाटलं बाईंना चक्कर आली, आणि तिने स्टूल पुढे केलं.

"नको," शंकाबाई म्हणाल्या. "मला एक पहार हवीय. आणि डोंगरात जायला गाडी."

५

दुसऱ्या दिवशी त्या वळणावर चौघं जमले होते. ठेकेदार, इंजिनियर, पोलिसाच्या परवानगीने डिशवाला, आणि वरून चालत आलेल्या नर्सबाई. तुटलेली तार सकाळीच मधे तुकडा घालून जोडली गेली होती. शंकाबाईंनी वळणापासून थोडं वर, रस्त्याच्या खडीत एका जागी पाय आपटला.

"खड्ड्याचं झाकण इथे आहे ना? खडीखाली? उघडा."

"बाई, रस्ता नव्याने केला तेव्हा सगळी झाकणं बुजली," ठेकेदार कुरकुरला. "आणि इथे तर काही तुटलेलं नाहीये."

"म्हणूनच उघडा."

पहार चालली. झाकण कण्हत वर आलं. पाचही डोकी खड्ड्यावर वाकली. आत एका पाईपातून तार येत होती आणि समोरच्या पाईपात जात होती. मधे ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ होती. वेटोळं एकसुद्धा नव्हतं.

"चोराने लूपही नेले!" ठेकेदार ओरडला.

"चोर नाहीये," शंकाबाई म्हणाल्या. "कधीच नव्हता. आणि तुम्हीच मला ते पहिल्या दिवशी सांगितलंत. यंत्र म्हणालं तिथेच तार सापडली, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. अहो, यंत्र मोजतं तार आणि गाडी मोजते रस्ता. वाटेत प्रत्येक खड्ड्यात वेटोळी असती तर तार रस्त्यापेक्षा लांब भरली असती. शहरातलं यंत्र नेहमी पुढचं ठिकाण दाखवतं ते त्यामुळेच. तुमचे दोन्ही आकडे चारही वेळा तंतोतंत जुळले. याचा अर्थ या रस्त्यावर एकाही खड्ड्यात लूप नाही."

डिशवाल्याने हळूच, पोलीस ज्या दुकानाच्या दारात बसला होता त्या दिशेला बघून घेतलं.

"ताठ तार वळणावर पाईपाच्या कडेला घासते. डोंगर जरा सरकला, वरून जड गाडी गेली, की ताण येतो आणि तिथेच तुटते. सरळ रस्त्यावर तुटत नाही, मग पाईप उघडा का पडलेला असेना. तुटली की दोन्ही टोकं मागे ओढली जातात. ते हातभर अंतर म्हणजे चोराने नेलेला तुकडा नव्हे, कारण तुकडा नव्हताच."

"पण टोकं तर कापलेली होती!" ठेकेदार म्हणाला. "मी स्वतः फोटो काढलेत!"

"फोटो कधी काढलेत? तुमच्या माणसांनी चर उकरल्यावर. आणि उकरल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं? टोकं साफ केली. हाताची सवय. कोणाला काही लपवायचं नव्हतं. त्यांनी विरलेलं टोक छाटून टाकलं आणि तुम्ही छाटलेल्या टोकाचा फोटो काढून चोर जन्माला घातलात." त्यांनी पिवळा झुबका ठेकेदाराच्या तळहातावर ठेवला. "हे त्यातलंच एक."

ठेकेदाराचं तोंड उघडं राहिलं. मग ते बंद झालं, आणि मग एकदम भरभर चालायला लागलं. "माझं काम खणणं आणि बुजवणं! तार ओढणारी माणसं वेगळी होती. इंजिनियरसाहेब स्वतः प्रत्येक खड्ड्यावर उभे होते!"

सगळ्यांनी इंजिनियरकडे बघितलं. त्याने चष्मा काढला होता, पण पुसत नव्हता.

"तार पुरत नव्हती," तो म्हणाला. "मी साहेबांना सांगितलं, लूपची लांबी धरलेली नाही. ते म्हणाले, आहे त्यात बसवा, नाहीतर वरची वस्ती वगळा. तोंडीच म्हणाले. नियमाप्रमाणे लूप सोडत गेलो असतो तर तार खालच्या गावातच संपत होती. या बाई तेव्हा रोज खाली येऊन विचारायच्या, कधी येणार म्हणून." त्याने नर्सबाईंकडे बघितलं नाही. "मी लूप सोडले नाहीत. तार वर नेली. वाटलं, टिकेल. मग दर आठवड्याला हात लावून बघत होतो, कुठे ताण येतोय का."

"आणि या माणसाच्या दारात पोलीस बसवला तेव्हा?" शंकाबाईंचा आवाज फाटला. "तेव्हाही गप्पच? तुम्ही एक शब्द बोलला असतात तर हे घोंगडं इतके दिवस भिजत पडलं नसतं!"

"मी बोललो असतो तर साहेबांनी काय उत्तर दिलं असतं, ठाऊक आहे?"

"काय दिलं असतं?"

इंजिनियरने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही आज सांगणारच आहात त्यांना. ऐकालच."

६

आरोग्यखोलीतल्या पेटीवर हिरवा दिवा लागला होता. बाकावर कालचीच गरोदर बाई होती. डॉक्टर थोड्या वेळाने पडद्यावर येणार होती. तोवर नर्सबाईंनी शंकाबाईंना त्याच लाईनवरून शहरात फोन लावून दिला. इंजिनियर आणि डिशवाला दाराशी उभे राहिले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

शंकाबाईंनी सगळं सांगितलं. वळणं, झुबका, यंत्र, ताठ तार. खर्चसाहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही, हेच वाईट लक्षण होतं.

"नाव?" शेवटी ते म्हणाले.

"नाव तार मंजूर करणाऱ्याचं आहे, साहेब. तार चोरीला गेली नाही. ती तुम्ही पाठवलीच नाही."

"हं." क्षणभर थांबून त्यांचा आवाज एकदम खुलला. "म्हणजे लूपची तार आहेच की! वर आहे. उत्तम. खालच्या गावापासून वरच्या वस्तीपर्यंतची तार काढून घ्या आणि तीच खालच्या खड्ड्यांत लूप म्हणून टाका. नवी तार नको, खणणं नको. खालची लाईन जन्मभर तुटणार नाही. शाबास, शंकाबाई! हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर चार दुरुस्त्यांचा खर्च वाचला असता."

इंजिनियरने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. नर्सबाईंना फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी गरोदर बाईच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला होता, तो हातातच राहिला.

शंकाबाईंच्या डोळ्यांपुढे तो नकाशा आला आणि त्यावरून फिरणारं साहेबांचं बोट. गणित बरोबर होतं. हेच तर संतापाचं होतं. कोडं त्यांनी स्वतः सोडवलं होतं, आणि त्यातून निघालेलं उत्तर या खोलीचा दिवा विझवणार होतं. शाबासकीसुद्धा त्यांनाच मिळाली होती. त्यांना फोन भिंतीवर फेकून द्यावासा वाटला. पण फोन नर्सबाईंचा होता.

"ठीक आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "मला लेखी द्या."

"काय लेखी द्यायचं?"

"हेच, जे आत्ता बोललात. आरोग्यखोलीच्या नावाने अनुदान घेतलं. तार मंजूर करतानाच कमी केली. म्हणून लाईन तुटत होती, आणि म्हणून आता आरोग्यखोलीची लाईन काढून घ्यावी. खाली सही. मी ते माझ्या अहवालाला जोडते आणि अहवाल अनुदान देणाऱ्यांकडे पाठवते. तुमच्या खोलीतला तो रिबिनीचा फोटोही लावू म्हणता तर लावते."

शंकाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किंवा नवी तार मंजूर केल्याचं लेखी द्या. कुठलंही एक चालेल मला. पण तोंडी काही नको. तोंडी बोलणं या इंजिनियरसाहेबांनी एकदा ऐकलं, त्याचं काय झालं ते आपण सगळे बघतोच आहोत."

पलीकडे शुकशुकाट. श्वास नाही, कागदाची सळसळ नाही. शंकाबाई फोन कानाला घट्ट लावून उभ्या राहिल्या. दाराशी डिशवाला पायावर पाय बदलत होता. बाकावरच्या बाईने पोटावर हात ठेवला.

नर्सबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या पट्टा टाकून पुढे आल्या. "गेली का हो लाईन? पुन्हा तुटली?"

शंकाबाईंनी भिंतीवरच्या पेटीकडे बघितलं. दिवा हिरवा होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "लाईन चालू आहे. साहेब विचार करताहेत. तुम्ही हिचा दाब बघून घ्या, मी धरते फोन."